जहाजावर तेल वेगळं करायचं यंत्र असतं, मग तेलकट पाणी चोरून सोडल्याबद्दल कंपन्यांना दंड का होतात?

यंत्र असतं, आणि त्याला सोसेल असं पाणी दिलं तर ते चालतंही. घोळ असतो तो त्यात जाणाऱ्या पाण्याचा. मी बरीच वर्षं इंजिन रूममध्ये काढली आणि त्यातला फोर्थ इंजिनीअर असतानाचा मोठा काळ या सेपरेटरपुढे उकिडवं बसण्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिल्ज म्हणजे इंजिन रूमचा अगदी तळ. पंपांच्या सीलमधून ठिबकणारं समुद्राचं पाणी, एअर कूलरमधून निघणारं पाणी, गळालेलं ल्यूब ऑइल, डिझेल, फ्लोअर धुतल्यावरचा राडा, सगळं उतरत उतरत बिल्ज वेलमध्ये येतं. तिथून पंपाने होल्डिंग टँकमध्ये. हे पाणी समुद्रात सोडायचं तर 'मारपोल' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 प्रमाणे त्यात 15 पीपीएमपेक्षा जास्त तेल असता कामा नये. म्हणजे 1000 लिटर पाण्यात 15 मिलिलिटर, फार तर तीन छोटे चमचे. शिवाय जहाज चालतं असलं पाहिजे, टँकरच्या पंप रूममधलं पाणी यात मिसळलेलं नको, आणि अंटार्क्टिकाच्या समुद्रात तर थेंबही सोडायचा नाही.

सेपरेटरचं तत्त्व साधं आहे. तेल हलकं, ते वर तरंगतं. आतल्या प्लेट्सवर किंवा कोअलेसरमध्ये (थेंब एकत्र आणणाऱ्या फिल्टरमध्ये) बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात, वर जमतात, आणि पुरेसं तेल साठलं की प्रोब (आतला सेन्सर) ते ओळखून तेलाच्या टँककडे जाणारा व्हॉल्व्ह उघडतो. खालचं पाणी पुढे ऑइल कंटेंट मीटरकडे जातं. मीटर पाण्यातून प्रकाश सोडून तो किती विखुरतो ते बघतं. 15 च्या वर आकडा गेला की अलार्म, आणि थ्री-वे व्हॉल्व्ह फिरून पाणी परत होल्डिंग टँकमध्ये. ही आपोआप बंद होण्याची सोय 10,000 टनांवरच्या जहाजांना सक्तीची आहे.

आता खरी गोम. थेंब किती वेगाने वर येईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ल्यूब ऑइलचा 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला साधारण अर्धा मिलिमीटर वर चढतो, म्हणजे दोन मीटरचा टँक तासाभरात पार. तोच थेंब 10 मायक्रॉनचा झाला की वेग शंभरपट कमी, तासाला जेमतेम दोन सेंटिमीटर! त्या टँकला चार दिवस लागतील, तेही जहाज हलत नसेल तर. आणि जहाज हलतं. जड इंधन तेलाचं तर आणखी वेगळं दुखणं. त्याची घनता गोड्या पाण्याच्या इतकी जवळ जाते की वर यायचं की खाली बसायचं हे त्याचं त्यालाच ठरत नाही. म्हणून टँक गरम ठेवतात.

थेंब बारीक होतात कशाने? एक, सेंट्रिफ्यूगल पंपाने. तो सगळं घुसळून ताक करतो, म्हणून सेपरेटरला हळू चालणारा स्क्रू किंवा पिस्टन पंप लावतात, तोही बहुतेकदा सेपरेटरनंतर, म्हणजे न घुसळलेलं पाणी आत ओढलं जावं. आणि दोन, साबणाने.

साबणाचा धडा मी स्वतः घेतला आहे. एका जहाजावर तपासणी होती म्हणून आम्ही सगळं इंजिन रूम केमिकल मारून घासून काढलं. स्वच्छ, चकचकीत! ते धुणं गेलं होल्डिंग टँकमध्ये, आणि पुढचे दोन दिवस सेपरेटर पाच मिनिटं चाले आणि अलार्म देई. फिल्टर बदलले, काही नाही. मीटरची काच पुसली, काही नाही. टेस्ट कॉकमधून पाणी काढलं तर दुधासारखं. शेवटी चीफने टँकला हात लावू नका म्हणून सांगितलं आणि ते सगळं पाणी बंदरात किनाऱ्यावर उतरवलं. आणखी एक, गंज. गंजाचे बारीक कण प्रकाश विखुरतात, तेव्हा तेल नसतानाही मीटर तेल म्हणून ओरडतं.

अशा वेळी टँक भरत आलेला, बंदर लांब, किनाऱ्यावर उतरवायला पैसे लागतात, आणि वरून विचारणा की अजून का नाही झालं. मग कुणीतरी पाइपचा तुकडा आणतो आणि सेपरेटरला बगल देऊन थेट बाहेर जोडतो. याला आमच्यात 'मॅजिक पाइप' म्हणतात. कॅरिबियन प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर हे 2013 मध्ये उघड झालं, एका नव्या इंजिनीअरने इंग्लंडमध्ये तक्रार केली म्हणून. तिथे आणखी एक युक्ती निघाली, मीटरला समुद्राचं स्वच्छ पाणी दाखवून फसवायची. 2016 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, दंड 4 कोटी डॉलर. अमेरिकेच्या कायद्यात माहिती देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत बक्षीस मिळू शकतं, त्यामुळे हल्ली कुणी कुणावर विसंबत नाही.

चांगल्या जहाजावर म्हणून सेपरेटरपेक्षा आधीचीच काळजी जास्त घेतात. गळती जागेवरच थांबवायची, गळालेलं तेल ट्रेमध्ये धरायचं, एअर कूलरचं स्वच्छ पाणी वेगळ्या टँकमध्ये घ्यायचं, जपून आणि लवकर वेगळा होणाराच साबण वापरायचा, आणि होल्डिंग टँकला निवांत बसू द्यायचं. वरचा तेलाचा थर काढून टाकला की सेपरेटरचं निम्मं काम झालेलं असतं.

तपासणीला येणारा इन्स्पेक्टर ऑइल रेकॉर्ड बुक, म्हणजे तेलकट पाण्याच्या नोंदींची वही, उघडतो तेव्हा तो बहुधा फक्त गुणाकार करत असतो. सेपरेटरची क्षमता तासाला 5 घनमीटर आणि वहीत दोन तासांत 14 बाहेर गेलेलं, तर पुढे बोलायची गरजच उरत नाही. मग तो टॉर्च घेऊन खाली येतो आणि ओव्हरबोर्ड लाइनवरच्या, म्हणजे पाणी समुद्रात सोडणाऱ्या पाइपवरच्या, कोणत्या फ्लँजच्या (जोडाच्या) बोल्टांचा रंग उडालाय ते बघतो.