'देवाची काळजी' की 'देवाला काळजी'?

प्रश्न कोल्हापूरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या चर्चच्या महिला मंडळाची घरगुती प्रार्थनासभा होती. त्यासाठी त्या एक पान लिहीत होत्या. विषय असा, की वाईट दिवसांत ख्रिस्ती माणसाला देवाच्या आधारातून दिलासा कसा मिळतो. मथळा दिला 'कठीण काळात देवाची काळजी'. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "देवाची काळजी आपण कशाला करायची? त्याचं तो बघंल की!" ताई विचारतात, मथळा खरंच चुकला का? आणि 'देव काळजी घेतो', 'काळजी करतो', 'काळजी वाहतो', 'देवाला काळजी आहे' यांतलं बरोबर कोणतं?

ताई, सासूबाईंना पूर्ण मार्क द्या. त्यांनी व्याकरणाचं पुस्तक न उघडता नेमकं दुखणं पकडलंय.

मराठीत 'काळजी'च्या आधी जो 'ची' येतो, तो काळजी कोण करतं ते सांगत नाही. ती कुणाबद्दल आहे, ते सांगतो. पोराची काळजी, उसाच्या बिलाची काळजी, आईच्या गुडघ्याची काळजी. 'मला आईची काळजी वाटते' म्हटलं, की काळजी माझी आणि विषय आई. 'देवाची कृपा', 'देवाची दया', 'देवाची माया' यांत मात्र उलटं होतं. तिथं कृपा देवाकडून निघते आणि आपल्यापर्यंत येते. त्या ओळीत बसवून तुम्ही 'देवाची काळजी' लिहिलंत, आणि तिथं गाडी घसरली. कारण 'काळजी' या शब्दाचं गणगोत कृपा-दयेचं नाही, ते भीती आणि आठवणीचं आहे. 'देवाची भीती' म्हणजे देवाला वाटणारी भीती नव्हे. 'माहेरची आठवण' माहेराला येत नाही, लेकीला येते. तसंच हे. म्हणून आपण 'आईच्या काळजीमुळे मी बरा झालो' असं सहसा म्हणत नाही, 'आईने काळजी घेतली म्हणून' म्हणतो. इंग्रजीतून मराठीत आणलेल्या भक्तिपर पुस्तिकांमध्ये हा मथळा सर्रास दिसतो, तेव्हा दोष एकट्या तुमच्या पदरात नको.

आता क्रियापदांकडे. खरी गंमत तिथं आहे.

'काळजी करणे' आणि 'काळजी घेणे' यांत मराठी माणूस झोपेतसुद्धा गल्लत करत नाही, पण कारण विचारलं तर अडखळतो. २०१९ च्या ऑगस्टमधले फोन आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ती केव्हाच मागं टाकून वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोनवर फोन, "काळजी घ्या हं!" आणि इकडून उत्तर, "तुम्ही काळजी करू नगा, आम्ही माडीवर हाय." एकाच फोनमध्ये तोच शब्द दोनदा आला आणि दोन वेगळी कामं करून गेला. घ्यायची ती काळजी हातापायांची, म्हणजे मोटर वर काढा, कागदपत्रं पिशवीत बांधा, म्हाताऱ्यांना आधी हलवा. करायची ती मनाची, आणि तिच्यानं पाणी इंचभरही उतरत नाही. जाता जाता सांगतो, 'टेन्शन' मात्र आपण 'घेतो'. 'टेन्शन घेऊ नकोस' आणि 'काळजी घे' ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणारी आपली भाषा परक्या माणसाला शिकवून बघा एकदा.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं जे वचन तुम्ही पानावर घेतलंय (५:७), त्यात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेत. आपल्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये ते असं आहे, की त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. मूळ ग्रीकमध्ये हे दोन शब्द वेगवेगळे आहेत. पहिला 'मेरिम्ना', मन कुरतडणारी चिंता. डोंगरावरच्या प्रवचनात 'काय खावे, काय प्यावे याची चिंता करत बसू नका' असं प्रभू म्हणतो, तिथंही याच शब्दाचं क्रियापद आहे. दुसरं क्रियापद 'मेलेइ', म्हणजे जिव्हाळा असणं, पर्वा असणं. मराठीत दोन्हीकडे 'काळजी' चाललं असतं, पण मग वाक्य 'आपली काळजी टाका, कारण तो काळजी घेतो' असं झालं असतं आणि ऐकणारा गोंधळला असता. भाषांतरकारांनी पहिल्या शब्दाला 'चिंता' आणि दुसऱ्याला 'काळजी' वाटून टाकली. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते.

'टाका'साठीचं मूळ ग्रीक क्रियापदही बघण्यासारखं आहे. नव्या करारात ते आणखी एकाच ठिकाणी येतं. यरुशलेमेत शिरताना शिष्य शिंगरावर आपली वस्त्रं टाकतात, तिथं (लूक १९:३५). म्हणजे हलकेच ठेवणं नाही, अंगावरचं उचलून दुसऱ्याच्या पाठीवर टाकणं. पेत्राच्या मनात ५५ वं स्तोत्र आहे, 'आपला भार परमेश्वरावर टाक'. हिब्रूत तिथं भार किंवा वाट्याला आलेलं ओझं आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याची चिंता झाली, आणि पेत्राने तीच उचलली. आपल्याला ओझं आणि चिंता यांच्यात फरक करावाच लागत नाही. 'डोक्यावर कर्ज आहे' म्हणताना आपण दोन्ही एकदमच बोलतो.

आणि वचन तिथंच संपत नाही. पुढच्याच ओळीत 'सावध असा, जागे राहा' आहे, गर्जणाऱ्या सिंहाचा दाखला देऊन. सभेत बहुतेक वेळा सातवी ओळ वाचून पुस्तक मिटतात. आठवी वाचली तर पुराच्या फोनवरच्या दोन्ही बाजू पेत्र एकटाच बोलतोय हे कळेल. काळजी करू नका, पण काळजी घ्या.

आता 'घेतो' की 'आहे'. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म इथं आहे.

'मेलेइ' या ग्रीक क्रियापदाची बांधणी मराठी माणसाला चटकन कळावी अशी आहे. त्यात ज्याला काळजी असते तो कर्ता म्हणून उभा राहत नाही, तो चतुर्थीत येतो. म्हणजे 'तो काळजी घेतो' असं नाही, 'त्याला तुमची काळजी आहे' असं. इंग्रजीला ही बांधणी सहज झेपत नाही, तिथं सहसा देवालाच कर्ता करतात. मराठीला मात्र ती घरचीच आहे. मला भूक आहे, तिला राग आला, त्याला पोरांची काळजी आहे. त्यामुळे 'देवाला तुमची काळजी आहे' हे वाक्य अस्सल मराठी तर आहेच, शिवाय मुळाच्या बांधणीलाही जास्त जवळचं आहे. घाट उतरून कोकणात गेलात तर 'देवाक काळजी' हे शब्द लोकांच्या तोंडी ऐकू येतील. त्यातला 'क' म्हणजे आपला 'ला'च. सासूबाईंनी नाकारलेला 'ची' तिथल्या माणसानंही घातला नाही.

हेच क्रियापद शुभवर्तमानांत कुठं कुठं येतं ते पाहिलं, की अर्थ अजून उघडतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात लांडगा आल्यावर मोलकरी पळतो, कारण त्याला मेंढरांची काळजी नसते. तिथं हेच. मार्था स्वयंपाकघरात एकटी राबते आणि वैतागून प्रभूलाच विचारते, की बहिणीने मला एकटीला टाकलंय याची तुम्हाला पर्वा नाही का? तिथंही हेच. आणि मार्काच्या चौथ्या अध्यायात वादळ उठलंय, मचव्यात पाणी भरतंय, येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. शिष्य त्याला उठवून म्हणतात, गुरुजी, आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? त्या शिष्यांत पेत्र होताच. नकारार्थी प्रश्न म्हणून जे क्रियापद त्या मचव्यात उमटलं, तेच त्याच्या नावाच्या पत्रात ठाम विधान होऊन येतं, आहे, त्याला तुमची काळजी आहे. पत्र ज्यांना लिहिलं ते आजच्या तुर्कस्तानातल्या भागांत पांगलेले, छळ सोसणारे विश्वासी होते. त्यांचं वादळ काही शमलेलं नव्हतं.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. 'देव काळजी घेतो' यात कृतीचं आश्वासन आहे, म्हणजे डॉक्टर भेटेल, पैसे उभे राहतील, पाणी ओसरेल. तसं होतंही, आणि त्याच्या साक्षी आपण सभेत ऐकतो. पण ज्या घरात तसं झालं नाही, ज्यांचं माणूस दवाखान्यातून परत आलं नाही, त्या घरात 'देव काळजी घेतो' हे वाक्य टोचू शकतं. 'घेतली असती तर...' हे पुढचं वाक्य कुणी बोलत नाही, पण खोलीत ते असतं. 'देवाला तुमची काळजी आहे' हे मात्र निकालावर अवलंबून नाही. त्या घरात बसून ते म्हणता येतं. छापील वचन आहे तसंच ठेवा, उद्धृत मजकुरात हात घालू नये. पण मथळा आणि तुमचं स्वतःचं लिखाण 'ला' आणि 'आहे'नं करा.

'काळजी करतो' देवाच्या बाबतीत टाळलेलं बरं. काळजी करत बसलेला देव डोळ्यांपुढे येतो, कपाळाला हात लावून.

'काळजी वाहतो' हे मला मनापासून आवडतं, पण ते प्रार्थनेच्या भाषेतलं आहे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये आले तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत मराठीचे दोन पदर आहेत, एक पवित्र शास्त्राचा आणि एक गल्लीतला. डोळे मिटून 'हे पित्या, तू आमची काळजी वाहतोस' म्हणणारी बाई आमेन झाल्यावर दारात चपला शोधताना शेजारणीला 'काळजी करू नगंस गं, सोमवारी रिपोर्ट येतोय' म्हणते. दोन्ही मराठीच. 'वाहणे'त ओझं उचलून चालणं आहे, म्हणून ते 'भार टाक'शी छान जुळतं. गीतेतलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' तर एलआयसीच्या चिन्हावर असल्यामुळे हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखालून गेलंय. तिथलं 'वहामि' ते हेच. फक्त राजकारणानं 'काळजीवाहू सरकार' करून त्या शब्दाची थोडी चेष्टा केलीय. काळजीवाहू म्हणजे दुसरा येईपर्यंतचा, असा अर्थ चिकटला. तेवढ्यासाठी 'काळजीवाहू देव' लिहू नका.

सासूबाईंच्या 'त्याचं तो बघंल'कडेही परत बघू. 'म्हातारीला कोण बघतंय?' या कोल्हापुरी प्रश्नात 'बघणं' म्हणजे औषधपाणी, जेवणखाण, सगळंच. उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात इसहाक विचारतो, कोकरू कुठंय? आणि अब्राहाम म्हणतो, देव स्वतः 'पाहून देईल'. हिब्रूतही तिथं 'पाहणे' हेच क्रियापद आहे. बोलीत 'देव बघंल' म्हणणारी आजी त्या मुळापासून फार लांब नाही. मात्र 'देव बघून घेईल' म्हणू नका, ती धमकी होते.

'कठीण काळात' हे वर्तमानपत्री झालंय. 'अडीनडीला' किंवा 'वाईट दिवसांत' म्हणा. आणि पानावर 'सांत्वन' हा शब्द फार वेळा आलाय असं तुम्हीच लिहिलंय, तर एक सुचवतो. सांत्वन आपल्याकडे घडून गेल्यावर करतात, माणूस गेल्यावर भेटायला जाऊन. संकट चालू असताना लागतो तो धीर. २३ व्या स्तोत्रात मराठी भाषांतरकारांनी हा फरक सांभाळलाय. मृत्युच्छायेच्या दरीतून चाललेला माणूस म्हणतो, तुझी आकडी व तुझी काठी मला 'धीर देतात'. हिब्रू क्रियापद सांत्वनाच्या घरचंच आहे, पण दरी अजून संपलेली नाही, म्हणून 'धीर'. सुगीनंतर रानात मेंढरं बसवायला धनगर येतात, त्यांच्या हातातली आकडी ज्यानं पाहिलीय त्याला या ओळीची टीप लागत नाही. बाभळीची फांदी खाली ओढायची तीच. चारा आणि राखण दोन्ही त्या हातात.

राहता राहिला प्रश्न 'तुमची' की 'आपली'. मथळ्यात 'देवाला आपली काळजी आहे' घाला, म्हणजे लिहिणारी आणि ऐकणाऱ्या एकाच बाजूला बसतात. पेत्राचं 'तुमची' आहे, कारण तो पत्र लिहितोय. तुम्हीही एखाद्या दुःखातल्या घराला चिठ्ठी लिहिणार असाल तर तिथं 'तुमची' लिहा. सगळ्यांत मिळून त्यांचं दुःख पातळ करायला नको.