बाबा कपडे घ्यायला बोलावतात तेव्हा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या नोकरीआधी बाबा तुला आपल्या बेळगावच्या खडेबाजारात कपडे घ्यायला नेणार म्हणतात, आणि तू ‘नको, मी ऑनलाइन मागवते’ असं सांगायचं ठरवलंयस. उद्यमबागेतल्या कारखान्यात राबणारा, स्वतःचा शर्ट कॉलर उलटवून वापरणारा माणूस तुझ्यासाठी एवढा खर्च करणार, याचीच तुला लाज वाटते, असंही लिहिलंयस.

नको म्हणू नकोस. मी एकदा म्हटलं होतं.

आमच्या वडगावच्या घरात खड्डामाग होता, खड्ड्यात पाय सोडून बसून विणायचा हातमाग. आप्पा साड्या विणायचे, आई आणि मी कांड्या भरायचो. पण मागावरची साडी आमची नसे. सूत सावकाराचं, साडीही सावकाराची; आप्पांची फक्त मजुरी. १९७६ साली मी एसएसएलसी, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, पास झाले, टिळकवाडीच्या कॉलेजात जायचं म्हणून साडी हवी होती. आप्पा मला खडेबाजारात घेऊन गेले. बसला पैसे पडतात म्हणून वडगावहून चालत जाणारा माणूस दुकानात गादीवर ऐटीत बसला. पदर चिमटीत धरून चोळला, काठ उजेडाकडे धरून पाहिला आणि मला विचारलं, “कंचा रंग पायजे?”

मी किंमत ऐकली आणि म्हटलं, “कशाला आप्पा? आईचीच नेसतो की.”

दुकानदार हसत म्हणाला, “अगं, परवाच येऊन बघून गेलेत की. ही बाजूला ठेवायला सांगून गेलेत.” तरी मी हट्टानं स्वस्तातली उचलली. आपण किती समजूतदार, असं मला वाटत होतं. बाजूला ठेवलेली साडी दुकानदारानं घडी करून फळीवर टाकली. आप्पा काही बोलले नाहीत. येताना वाटभर मागे दोन पावलं चालत होते. पुढं शिक्षिका झाल्यावर मी पुष्कळ साड्या घेतल्या, पण ती घडी अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सांगते, बाबांबरोबर जा. शनिवार सोडून जा, बाजाराच्या गर्दीत त्यांना निवांत बघता येणार नाही. दुकानदाराशी त्यांना कन्नडात घासाघीस करू दे. “कडिमी माडरी”, ‘कमी करा’, म्हणताना ते कसे खुलतात ते बघ आणि मध्ये बोलू नकोस. मोबाइल काढून इथली किंमत तिथल्या किमतीशी ताडू नकोस. पैसे द्यायच्या वेळी ‘मी पाठवते’ म्हणू नकोस. नोटा त्यांना मोजू दे, दोनदा मोजतील, मोजू दे. ‘तुम्हालाही एक शर्ट घेऊ’ हेही त्या दिवशी नको. तो पहिल्या पगारातून घे.

सगळ्यात स्वस्त ते उचलू नकोस, आणि महागाचंही मनाविरुद्ध घेऊ नकोस. अंगावर धरून आरशात बघ. आवडलं तर तोंडानं सांग, “बाबा, हे आवडलं.” तेवढं ऐकायलाच ते आलेले असतात. काटकसरी माणसाला भीती असते ती एवढीच, की आपण वर्षानुवर्षं ‘नको, परवडत नाही’ म्हणत आलो ते पोरीच्या मनात रुतून बसलं असेल. त्यांना चिकट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. चिकट माणूस साठवतो, तुझे बाबा राखून ठेवत आले. फी भरायच्या वेळी त्यांनी एकदाही तारीख चुकवली नाही, हे मी तुला शाळेत शिकवत असताना पाहिलंय.

सुती कापड घेतलंस तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. शिंप्याला आत माया सोडायला सांग, दोन वर्षांनी उसवून सैल करता येईल. बाबांना हे आधीच ठाऊक असेल, तरी त्यांनाच विचार.

घरी आल्यावर कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून देवापुढं ठेव. मग घाल आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहा, नुसता फोटो पाठवून भागवू नकोस.

रंग कोणता घेतलास ते मला कळव.

तुझी,
बाई