वजन नॉर्मल आहे, मग आजार कसा?

प्रश्न: ताई, माझी धाकटी बहीण १९ वर्षांची आहे. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते, नळ सोडून ठेवते, मी दोनदा उलटीचा आवाज ऐकलाय. दिवसभर डाएट म्हणून काहीच खात नाही आणि सकाळी बघावं तर खाऊचे डबे रिकामे. वजन अगदी नॉर्मल आहे त्यामुळे आई म्हणते वयाचं खूळ आहे, जाईल. मी बाथरूमला कुलूप लावू का?

उत्तर: कुलूप नको गं, ते आधी डोक्यातून काढ. तू लिहिलंयस ते बुलिमियासारखं वाटतंय, म्हणजे ताबा सुटून भरपूर खायचं आणि मग उलटी करून काढायचं असा आजार, नक्की काय ते डॉक्टरच सांगतील, पण वजन नॉर्मल म्हणजे आजार नाही असं अजिबात नसतं. १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञांनी ३० पेशंट बघून या आजाराला बुलिमिया नर्व्होसा नाव दिलं, तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं होतं की ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजनाच्या भीतीनं उपाशी राहून खूप बारीक होण्याच्या आजाराच्या, पेशंटपेक्षा यांचं वजन जास्त असतं. म्हणूनच तर घरातल्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

आता हे चालतं कसं बघ. दिवसभर पोट मारायचं, रात्री भूक अशी उसळते की ताबाच सुटतो, मग लाज वाटते, भीती वाटते, उलटी, आणि उद्यापासून आणखी कडक डाएट. म्हणजे उद्याचं बिंज, ते ताबा सुटून खाणं, त्या डाएटमध्येच तयार होतंय. तिला बिचारीला वाटतं आपल्यात कंट्रोल नाही. उलटीनं सगळं खाल्लेलं बाहेरही पडत नाही, पोटॅशियम मात्र जातं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. चक्कर, धडधड, उलटीत रक्त असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल. दातांवरचं इनॅमलही ॲसिडनं झिजतं, उलटीनंतर लगेच ब्रश केला तर जास्तच, त्यामुळे नुसत्या पाण्यानं चूळ भरायची.

तिच्याशी बोल, पण जेवणाच्या ताटावर नको आणि वजनाचा विषय तर नकोच. 'तू एकटीच सहन करतेयस असं वाटतं मला, डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ' एवढंच म्हण. पहिल्यांदा चिडेल, नाही म्हणेल, चालेल, आठवड्यानं परत विचार. सीबीटी नावाची थेरपी, म्हणजे बोलून विचार आणि सवयी बदलायचा उपचार, यात चांगली लागू पडते आणि गंमत नाही, खरंच तिची सुरुवात वेळेवर खाण्यापासून होते, तीन जेवणं, मध्ये थोडंथोडं, फार वेळ उपाशी राहायचं नाही. फ्लुओक्सेटिन हे औषधही देतात, पण ते डॉक्टर ठरवतील. आईला हे उत्तर वाचायला दे.

प्रश्न: मी ३४ वर्षांचा पुरुष. उलटी वगैरे करत नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा पोट दुखेपर्यंत खातो, लपून. हा आळशीपणाच ना?

उत्तर: नाही हो दादा. याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात, २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या यादीत, हा वेगळा आजार म्हणून आहे, आणि पुरुषांनाही होतो. फक्त डॉक्टरांकडे गेल्यावर 'वजन कमी करायचंय' म्हणून सुरुवात करू नका, नाहीतर हातात पुन्हा डाएटचा कागद पडेल. 'खाताना माझा ताबा सुटतो आणि मी ते लपवतो', हे वाक्य पहिलं सांगा.