ॲनामॉर्फिक लेन्सने शूट करतोय, व्हीएफएक्सची तयारी आधी काय करावी?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: सांगलीत आयर्विन पुलाजवळ शॉर्टफिल्म करताय, २x ॲनामॉर्फिक लेन्सेस (रुंद दृश्य निम्म्या रुंदीत दाबून टिपणाऱ्या, ते नंतर उलगडावं लागतं) तीन दिवसांसाठी भाड्याने आणल्यात आणि २०१९च्या पुराचं पाणी मागाहून कॉम्प्युटरवर चढवायचंय. कॅमेऱ्याचं सगळं ठरलंय, व्हीएफएक्सचं मात्र 'नंतर बघू'.

मी मिरजेची, कॉम्पोझिटिंग करते, म्हणजे शूट केलेल्या चित्रात कॉम्प्युटरवर केलेलं चित्र बसवते. हे 'नंतर बघू' मी वाईच्या घाटावर करून बसलेय. समोरच्या काठावर एक वाडा उभा करायचा होता. रविवारी शूट संपलं, रात्रीच लेन्सेस परत गेल्या. ट्रॅकिंगला, म्हणजे शॉटमधली कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरवर शोधायला, बसले तर फ्रेमच्या मध्यभागी वाडा ठाम उभा, पण कॅमेरा पॅन होऊन तो कडेला गेला की घाटाच्या पायऱ्यांवरून घसरायचा. तीच लेन्स पुन्हा मागवली, तर त्याच मॉडेलचा दुसरा नग आला. त्याचं डिस्टॉर्शन (चित्र वाकवणं) जुळेना. ॲनामॉर्फिक लेन्स आडवी वेगळी वाकवते आणि उभी वेगळी, त्यात प्रत्येक नगाची खोड निराळी. साडेचार सेकंदांच्या त्या शॉटला अकरा दिवस गेले.

म्हणून लेन्स परत जायच्या आत ग्रिड शूट करून घ्या, बाकी सगळं त्याच्यानंतर. ग्रिड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट, त्यावरून लेन्स किती वाकवते ते मोजतात. मी तो वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याकडून करून घेतला. "ताई, फोटो कुणाचा टाकायचा?" असं त्याने दोनदा विचारलं. नुसता फ्लेक्स टांगू नका, सनबोर्डवर सपाट चिकटवून घ्या. सुरकुती पडली तर ती लेन्सचा दोष म्हणून मोजली जाते. कॅमेरा बोर्डासमोर काटकोनात, चौकटी फ्रेमच्या चारही कोपऱ्यांपर्यंत. प्रत्येक लेन्ससाठी हे वेगवेगळ्या फोकसवर घ्या: सगळ्यात जवळचा, मग पाच फूट, दहा फूट आणि बोर्ड फ्रेम भरेल तितका लांबचा. कारण फोकस फिरला की या लेन्समध्ये चित्राचा ताणही थोडा बदलतो. जवळच्या क्लोजअपमध्ये चेहरे गालफुगी झाल्यासारखे दिसतात, ते यामुळेच. आणि प्रत्येक लेन्सचा सिरियल नंबर वहीत लिहा.

त्याच वहीत शॉटगणिक फोकल लेंथ, फोकसचं अंतर, टी-स्टॉप (ॲपर्चर किती उघडं ते), कॅमेऱ्याची उंची आणि कल. एका असिस्टंटला फक्त हेच काम द्या, नाहीतर दुपारनंतर पानं कोरी राहतात.

पुलाचे खांब ट्रॅकिंगला उत्तम. टेप घेऊन कठड्याची उंची, घाटाच्या पायऱ्या, दोन खांबांमधलं अंतर मोजून ठेवा. पुराची पातळी याच पुलापाशी मोजतात: इशारा ४० फुटांना, धोका ४५ला, आणि २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी अंदाजाने चढवलंत तर मुंबईत खपेल, सांगलीत पहिल्याच खेळाला कुणीतरी ओरडेल.

कॅमेऱ्यात सेन्सर ४:३ मोडवर ठेवा. १६:९वर २x लेन्स लावली तर उलगडलेलं चित्र ३.५५:१ होतं आणि २.३९ला आणताना जवळजवळ एक तृतीयांश फेकावं लागतं.

पोस्टमध्ये (शूटनंतरच्या कामात) मूळ प्लेटला, म्हणजे शूट केलेल्या चित्राला, शक्यतो हात लावू नका. ती दबलेलीच ठेवा, सॉफ्टवेअरला पिक्सेल आस्पेक्ट २ सांगा. ट्रॅकिंगपुरती तिची एक प्रत अनडिस्टॉर्ट, म्हणजे सरळ, करा. पाणी त्या सरळ चित्रावर रेंडर करायचं, चहूबाजूंनी दहाएक टक्के जास्तीचं, आणि मग ग्रिडवरून मिळालेलं वाकडेपण त्या पाण्याला द्यायचं. प्लेट सरळ करून परत वाकवली की ती मऊ पडते. थ्रीडी कॅमेऱ्यात ५०ची लेन्स ५०चीच ठेवा, सेन्सरची रुंदी दुप्पट करा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ट्रॅकरमध्ये ॲनामॉर्फिक डिस्टॉर्शनचं मॉडेल नाही. त्यासाठी थ्रीडी-इक्वलायझर किंवा न्यूक वापरणारा माणूस आत्ताच गाठा.

रात्रीच्या शॉटमध्ये पुलावरचे दिवे असतील तर निळ्या आडव्या रेघा येणार, आणि त्या खऱ्या पाण्याच्या चित्रातच उमटल्या की नकली पाणी त्यांच्याखाली सरकवता येत नाही. प्लेट घेताना भगभगीत दिवे झाका. मग काळ्या पडद्यासमोर त्याच लेन्समध्ये एक टॉर्च फिरवून रेघा वेगळ्या शूट करा, त्या कॉम्पोझिटिंगमध्ये सगळ्यात वर बसवता येतात. पाण्यावरचे आउट-ऑफ-फोकस ठिपके गोल नको, उभे अंडाकृती हवेत. पाणी करणाऱ्याला हे बजावून सांगा.

उघडं ॲपर्चर टाळा, टी४च्या पुढे राहा. नाहीतर कडा इतक्या विरघळतात की माणसांचं रोटो करणारा (कडेकडेने त्यांना चित्रातून वेगळं काढणारा) शिव्या देतो.

माझा ग्रिडचा बोर्ड अजून आहे. मिरजेला येऊन घेऊन जा, पण तो सहा बाय चारचा आहे, टू-व्हीलरवर येऊ नका.