तापली की बंद, गार झाली की चालू

प्रश्न : वडिलांची १९८४ची साडेतीनशे बुलेट चालवतो, अजून पॉइंटवरच आहे (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं). सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते. तुळजापूरला निघालो की तामलवाडीच्या आसपास फटफट करते आणि बंद पडते. वीस मिनिटं झाडाखाली उभी केली की काही घडलंच नाही अशी सुरू! कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग नवा घातला. आता गॅरेजवाले कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : थांबा. आधी कंडेन्सर बघा. अंगठ्याएवढा डबा, कॉईलच्या मानानं किरकोळ किमतीचा.

हे मी शहाणपणानं नाही, मार खाऊन सांगतोय. एका मे महिन्यात मी अशीच कॉईल बदलली, छाती फुगवून अक्कलकोटला निघालो आणि वळसंगच्या अलीकडं परत तोच तमाशा. रसवंतीपर्यंत गाडी ढकलली. रसवाला म्हणाला, "मालक, आवाज तर लई मोठा हुता की हिचा!"

आता पुढच्या वेळी बंद पडली की झाडाखाली नुसतं बसू नका. गाडी गरम आहे तोवरच चोर सापडतो. पहिलं टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं भोक बुजलंय, इग्निशनचा काही संबंध नाही. तसं नसेल तर झाकण घट्ट लावा. उघड्या पेट्रोलशेजारी ठिणगी बघायला जाऊ नका.

मग हेडलाइटवरचा अँपिअर मीटर. चावी चालू ठेवून किक सावकाश दाबा. पॉइंट मिटले की काटा मायनसकडं झुकतो, उघडले की मधोमध येतो. झुकतच नसेल तर पॉइंटवर घाण आहे नाहीतर वायर सुटलीय. झुकलेलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट आहे.

काटा नीट हलतोय? मग पॉइंटचं झाकण काढा, अंगाची सावली धरा आणि मित्राला किक मारायला सांगा. पॉइंटमध्ये बारीक ठिणगी चालते. पण निळी, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना कॉईलचा करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो आपल्या पोटात घेतो, म्हणून करंट झटकन तुटतो आणि प्लगला जोरात ठिणगी मिळते. जुन्या कंडेन्सरचं आतलं इन्सुलेशन तापलं की गळतं. मग सगळा जाळ पॉइंटवरच होतो आणि प्लगला पिवळट, मेल्यासारखी ठिणगी येते. गार झाला की परत शहाणा.

पॉइंटवर जाळ नाही आणि प्लगलाही ठिणगीच नाही, तर मात्र कॉईल किंवा प्लगची जाड वायर. तेव्हा गॅरेजवाल्यांचं ऐका.

कंडेन्सर बदलताना पॉइंटही तपासा. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ असेल तर घासत बसू नका, नवा जोड घाला. फट सगळ्यात जास्त उघडते तिथं फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा, मगच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघा. फट हलली की टायमिंगही हलतं. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला झिजते, फट कमी होते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर एकदा परत मोजा. ही टाच ज्यावर घासते त्या, पॉइंट उघडणाऱ्या कॅमला ग्रीसचं नुसतं बोट लावा. लोक इथं ग्रीस थापतात आणि ते उडून पॉइंटवर बसतं.

आणि काढलेला कंडेन्सर "थंड असताना चालतोय की" म्हणून डिकीत टाकू नका. माझ्या डब्यात असे चार निघाले, त्यातला चांगला कुठला हे मलाच कळेना.