नोकरी गेली, हे अप्पांना कधी सांगू?

न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. गाव खानापूर तालुक्यातलं, इंजिनिअरिंग बेळगावात, मग पुणे, मग अमेरिका. एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेच्या कामाच्या व्हिसावर, आहेत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहेत. कंपनीने एका सकाळी छोटीशी मीटिंग घेऊन त्यांच्यासकट अख्खी टीम काढली. बायको एच-४च्या, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसाच्या, वर्क परमिटवर नोकरी करते, मुलगी सातवीत. बेळगावात टिळकवाडीत फ्लॅट घेतलाय, त्याचा हप्ता तिकडून येतो. मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे आणि कार्यालयाचा खर्च 'मी बघतो' असं ते दिवाळीत बोलून बसलेत. त्यांचे प्रश्न तीन: आता काय करू, परत येऊ का, आणि अप्पांना कधी सांगू?

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. अप्पांना या आठवड्यात सांगा.

त्यांना काळजी लागू नये म्हणून गप्प आहे, असं तुम्ही लिहिलंय. थोडं खरं असेलही. पण अमेरिकेतला मुलगा ही अप्पांची गावातली पत आहे, ती आपल्या हातून कमी होऊ नये, ही भीती त्याहून मोठी दिसते. ती भीती मी समजू शकते. फक्त तिची किंमत मोजून बघा. तुम्ही गप्प आहात तोवर अप्पा कार्यालयाला आगाऊ रक्कम देताहेत, सोनं किती घालायचं ते कबूल करताहेत, वरचा मजला चढवायचा म्हणून गवंड्याशी बोलताहेत. प्रत्येक शब्द तुमच्या पगारावर दिला जातोय. शिवाय बातमी काही लपत नाही. तुमच्या लिंक्डइनच्या फोटोभोवती 'नोकरी शोधतोय' सांगणारं ते हिरवं वर्तुळ आलं की पुण्यातला वर्गमित्र बघतो, तो आपल्या आईला सांगतो, आणि त्याची आई तुमच्या आईला खडे बाजारात भेटते. मुलाच्या नोकरीची बातमी भाजीच्या पिशव्या हातात असताना परक्याकडून कळणं, हे तुमच्या आईच्या वाट्याला येऊ देऊ नका.

कसं सांगायचं? आई आणि अप्पा दोघंही घरी असतील अशी वेळ बघून फोन करा, व्हिडिओ नको. फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको. आधी घटना, मग पैसा, मग पुढचं. 'अप्पा, कंपनीने आमची सगळी टीम काढली, त्यात मीही आहे. हातात इतके महिने पुरतील एवढे पैसे आहेत. या तारखेपर्यंत दुसरी नोकरी बघायची मुदत आहे. लग्नाचं मी कबूल केलं होतं तेवढं आता जमणार नाही, एवढं जमेल.' आकडा सांगाच. आकडा नसला की आपल्याकडचे वडील रात्रभर जागून स्वतःचा आकडा तयार करतात, आणि तो नेहमी वाईटच असतो.

ते विचारतील, 'तू काय केलंस?' त्यांच्या पिढीत नोकरीवरून काढलं म्हणजे काहीतरी लफडं केलं असणार, असाच अर्थ निघायचा. चिडू नका. त्यांना वडगाव-शहापूरच्या मागांची आठवण करून द्या. तिथं माग बंद पडले तेव्हा चांगला विणकर आणि कच्चा विणकर असा भेद कुणी केला नव्हता, दोघांचे माग सारखेच थांबले. बेळगावच्या माणसाला हे उदाहरण दिलं की दुसरं स्पष्टीकरण लागत नाही.

भावाला वेगळा फोन करा. लग्न त्याचं आहे, त्याला आई-अप्पांच्या तोंडून कळू नये.

आता तुमच्या साठ दिवसांचं. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर अमेरिकेत जास्तीत जास्त ६० दिवस थांबता येतं, आणि आय-९४वरची, म्हणजे देशात राहायच्या परवानगीच्या नोंदीवरची, तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेच. हे दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होतात. साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो शेवटचा दिवस धरतात. नुकसानभरपाई म्हणून एकरकमी पैसे दिले, तर त्याने मुदत वाढत नाही. बरेच जण इथंच फसतात: तीन महिन्यांचे पैसे मिळाले म्हणजे तीन महिने मिळाले, असं समजून बसतात. एचआरकडून शेवटच्या दिवसाची तारीख लेखी घ्या आणि फ्रिजवर लावा.

या ६० दिवसांत नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल केला पाहिजे. ते जमत नसेल तर मुदत संपायच्या आत व्हिसाच्या दुसऱ्या दर्जासाठी, म्हणजे बहुतेक वेळा बी-२ व्हिजिटरसाठी, आय-५३९ हा दर्जा बदलायचा अर्ज भरतात. त्यावर राहून नोकरी शोधता येते, मुलाखती देता येतात, काम मात्र करता येत नाही. तुमच्या पत्नीचा दर्जा तुमच्या दर्जाला बांधलेला आहे, त्यामुळे त्यांची नोकरीही यात ओढली जाते. वकिलाकडे जाताना दोघांनी मिळून जा. नवऱ्याने एकट्याने जाऊन येऊन बायकोला सारांश सांगायचा, ही आपल्या घरांतली वाईट सवय आहे.

ग्रीन कार्डची रांग गेली, असं तुम्ही लिहिलंय. आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झालं असेल तर साधारणतः रांगेतली तारीख तुमचीच राहते. मंजुरीला १८० दिवस उलटले असतील तर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी ते रद्द होत नाही. त्या मंजुरीच्या कागदाची प्रत, पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र, हे सगळं ऑफिसच्या लोकांची तुमच्याविषयीची हळहळ ताजी आहे तोवर मागून घ्या. दोन महिन्यांनी तिथं तुमचा ईमेल उघडणारं कुणी नसेल.

आणि घाईने विमानात बसू नका. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावली. तिचा फटका मुख्यतः देशाबाहेर असलेल्यांसाठी केलेल्या अर्जांना बसतो. एकदा बाहेर पडलात की कुठली कंपनी तुमच्यासाठी ती भरेल? बाहेर पडायचंच असेल तर पूर्ण विचाराने पडा, वैतागून नको.

कंपनीने सहीसाठी कागद दिला असेल तर त्याच दिवशी सही करू नका. वय ४० किंवा अधिक असेल आणि वयावरून भेदभावाचा दावा सोडायला लावत असतील, तर अमेरिकन कायदा विचार करायला २१ दिवस देतो, अनेकांना एकदम काढलं असेल तर ४५, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत माघार घेता येते. आरोग्य विमा कोब्रा योजनेखाली चालू ठेवता येतो, पण त्याचा सहसा सगळाच हप्ता तुमच्या खिशातून जातो. तो आकडा बघून छाती दडपेल. तरी तिकडे लहान मूल घेऊन विम्याशिवाय एक दिवसही राहू नका. ४०१-के, म्हणजे तिकडची निवृत्तीची बचत, मोडू नका: साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलं तर सामान्यतः कराशिवाय वर १० टक्के दंड लागतो.

एक प्रकार मात्र ठामपणे टाळा. 'आमच्या कागदावर ये, प्रोजेक्ट मिळाला की पगार' असं म्हणणारे कन्सल्टन्सीवाले या काळात हमखास भेटतात. बहुतेक आपलेच असतात, तेलुगू असोत नाहीतर मराठी. काम नाही म्हणून एच-१बीवाल्याचा पगार थांबवणं तिथल्या कायद्यात बसत नाही, आणि फुगवलेला अनुभव पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्या मागे येतो.

हे पत्र अमेरिकेचं असलं तरी बेळगाव-खानापूर-निपाणीकडची मुलं आखातातही पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. अमिरातीत जानेवारी २०२३पासून नोकरी जाण्याचा विमा आहे. सलग बारा महिने हप्ता भरला असेल तर मूळ पगाराच्या ६० टक्के, ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. पण राजीनामा दिलेल्याला तो मिळत नाही. म्हणून 'प्रेमाने राजीनामा लिहून दे, रेकॉर्ड चांगलं राहील' असं मॅनेजर म्हणाला तर लिहू नका. ग्रॅच्युइटी वेगळी: वर्ष पूर्ण झालं असेल तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. जर्मनीतल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की काढल्याच्या पत्राविरुद्ध कोर्टात जायला तीनच आठवडे असतात.

आता इकडच्या पैशाकडे येते. बँकेत आयुष्य गेलेली बाई आहे मी, त्यामुळे इथं थोडी लांबण लागेल.

टिळकवाडीच्या फ्लॅटचा हप्ता चुकायच्या आधी बँकेला फोन करा, चुकल्यावर नको. आधी बोललेल्या माणसाला बँक मुदत वाढवून देण्याचा विचार तरी करते, हप्ते थकवून आलेल्याशी ती वेगळ्या आवाजात बोलते. फ्लॅट रिकामा असेल तर भाड्याने द्या. 'आम्ही आलो की उतरायला हवा' म्हणून वर्षातले पंधरा दिवस वापरायचं घर आता परवडणार नाही, आई-अप्पांचं घर आहेच. म्युच्युअल फंडातली एसआयपी थांबवा, त्यात कमीपणा नाही. घरी दर महिन्याला पाठवता ती रक्कम एकदम बंद करू नका, आई-अप्पांच्या औषधापाण्याची तेवढी चालू ठेवा आणि बाकीची थांबवली असं सांगून थांबवा.

मिळालेली एकरकमी रक्कम इकडे पाठवायचा मोह होईल, रुपयांत ती भरघोस दिसते. निदान सहा महिने डॉलरमध्येच ठेवा, खर्च तिकडे आहे. आणि कुणी नात्यातला म्हणाला की आमच्या सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, ठेव, बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त मिळेल, तर हात जोडा. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. आपल्या भागात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत, काही उत्तम चालतात. पण नोकरी नसलेल्या माणसाने तिथं जाऊ नये. शेतजमिनीचंही तसंच. 'येळ्ळूरकडे चार गुंठे स्वस्तात आहेत' असा फोन येईलच. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळते तेवढीच. भावाच्या नावावर घेऊ म्हणाल तर पुढच्या भांडणाचा पाया तुम्हीच खणताय. उलट बाजूने, आहे ती जमीन घाईत विकायलाही बसू नका. गरजू विकणाऱ्याचा वास दलालाला सांबऱ्याच्या विमानतळापासून येतो.

परत यावं का? याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण 'बेळगावला येऊन काहीतरी करीन' या वाक्यातलं काहीतरी काय, ते आधी लिहून काढा. तुम्ही सॉफ्टवेअरचे. बेळगावात फाउंड्री आहेत, उद्यमबागेत मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिक्सचं काम मोठं आहे, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात. यंत्रावरच्या माणसाला इथं जागा मिळते. तुमच्या पगाराच्या जवळपास जाणारी नोकरी मात्र पुण्यात नाहीतर बेंगळुरूत बघावी लागेल, आणि दोन्हीकडून बेळगाव रात्रीच्या बसने गाठता येतं, हे आपलं भाग्य. तेव्हा अर्ज आत्ताच, तिकडे बसून, दोन्ही शहरांत टाकायला सुरुवात करा. कुंद्याचा ब्रँड काढून तो परदेशात विकायची योजना अशा पत्रांत अधूनमधून येते. गोड आहे, पण पगार नसताना नको.

यायचं ठरलंच तर दोन कामं. बँकेला कळवून एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, खातं निवासी करून घ्यावं लागतं, ते टाळू नका. आणि बरीच वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला परतल्यावर काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा कराचा दर्जा मिळतो, त्यात बाहेरच्या उत्पन्नावर साधारणपणे इथं कर लागत नाही. ४०१-के आणि तिकडच्या शेअर्सची आवराआवर त्या काळात करायची की नाही, हे सीएला विचारून ठरवा, कुठल्याही काकांना विचारून नको.

मुलीला सांगा. सातवीतली मुलगी आहे, तिला दारामागचं कुजबुजणं कळतं. बेळगावात शाळा घ्यायची झाली तर कर्नाटकाच्या २०१५च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते, सीबीएसईच्या शाळांतही. सीमाभागातल्या आपल्या लोकांचा या विषयावर काय अनुभव आणि काय मत आहे, ते इथं लिहीत बसत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण मुलीला ते वाद शिकवण्याआधी अक्षरं शिकवा. आत्ताच रोज थोडी कन्नड मुळाक्षरं सुरू केलीत तर वर्गात पहिल्या दिवशी ती रडणार नाही. पुण्यात राहणार असाल तर हा प्रश्नच नाही.

राहिलं लग्न. मेमध्ये तुम्ही बी-२चा अर्ज टाकून बसला असाल तर देश सोडल्यावर तो अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. नव्या कंपनीचा अर्ज चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हलू नका. पत्नीचंही तेच, त्यांचा दर्जा तुमच्याच मागोमाग आहे. म्हणजे कदाचित धाकट्याच्या अक्षतांना तुमच्यापैकी कुणीच नसेल. हे अप्पांना पहिल्याच फोनवर सांगू नका, दुसऱ्या फोनसाठी ठेवा. तिकिटं आत्ता काढूच नका, काढलीत तर पैसे परत मिळणारी काढा. आणि कंपनीने मुदतीआधी काढलं असेल तर एच-१बीवाल्याच्या मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिने द्यायचा असतो. तो तुमच्या एकट्याचा असतो, कुटुंबाचा नाही, आणि मागितल्याशिवाय बहुधा कुणी देत नाही. परत यायचं ठरलं तर एचआरला लेखी मागा.