गुरुजींची पद्मिनी, दोन लाखाची एफडी अन् चेरी रेड

गुरुजी नमस्कार. तुमचा मेसेज दोनदा वाचला, पहिल्यांदा हसू आलं अन् दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर काढला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, गुरुजी परभणीकडचे, झेडपीत शिक्षक, वडलांची १९८५ची प्रीमियर पद्मिनी दहा वर्षं शेडमधी उभी होती, इंजिनचं काम झालंय, आता रंग राहिला, तोबी चेरी रेड मारायचा म्हणतात. पेंटरनं दोन भाव दिलेत, साधा ड्यूको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज, जुन्या पद्धतीचा रंग) ४० हजार अन् पीयू (पॉलियुरेथेन) १ लाख १५ हजार. खात्यात ४५ हजार पडून, महिन्याला आठेक हजार मागं पडतात, अन् दोन लाखाची एफडी हाय. पण लेक जूनमधी लातूरला नीटच्या क्लासला जाणार. विचारलंय की एफडी मोडू का पर्सनल लोन काढू.

दोन्ही नको. एफडी लेकीची हाय, क्लासची फी, होस्टेल, मेस, लातूरचा खर्च मी रोज बघतो, त्या एफडीला हात लावायचा इषयच नाही. अन् १ लाख २० हजाराचं लोन १४ टक्क्यानं तीन वर्षं घेतलं तर हप्ता ४१०० च्या आसपास अन् निस्तं व्याजच साडेसत्तावीस हजार. तेवढ्यात तर अर्धी गाडी रंगून होईल की!

आता रंगाचं. पेंटर तुम्हाला म्हणला जर्मन कंपनीचाच माल मारा, ठीक हाय, जगात जर्मनी अन् भारतात परभणी, पण खरा पैसा वरच्या डब्यात नसतो, खालच्या पत्र्यात असतो. चाळीस वर्षाच्या गाडीवर आधी कुणी किती लांबी (पुट्टी) भरली कुणाला ठाऊक. एक लहान चुंबक फडक्यात गुंडाळा अन् दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डला, डिकीच्या कोपऱ्याला लावून बघा, जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी हाय. तिथं जर्मन रंग मारा नाहीतर सोन्याचा मुलामा द्या, खालून गंज फुगला की दोन पावसाळ्यात पोपडा निघणार. म्हणून पेंटरला सांगा भाव फोडून द्या, पत्र्याचे किती, मालाचे किती, मजुरी किती. एकठोक आकडा देणाऱ्याला काम देऊ नका, मी स्वतः एकदा असा फसलोय, तो किस्सा परत कधीतरी.

एनसी काय वाईट नाही बरं का. झटपट वाळतो, ओरखडा पडला तर कुठलाबी पेंटर तेवढाच पॅच मारून जुन्यात मिसळून देतो. पण पेट्रोल सांडलं की डाग, उन्हानं फिका, सारखं पॉलिश मारा. पीयूमधी हार्डनर म्हणजे रंग कडक करणारं रसायन असतं, म्हणून तो रंग चिवट, पेट्रोलला दाद देत नाही, पण टचअप करायचं तर अख्खा पॅनल, म्हणजे पुरं दार नाहीतर पुरं मडगार्ड, मारावा लागतो. तुमची गाडी शाळेला रोज न्यायची म्हणता, वर शाळेत सावली नाही, मग पीयूच घ्या. पण मेटॅलिक नको, त्याला वरून क्लिअरकोट म्हणजे पारदर्शक थर लागतोच, माल अन् मजुरी दोन्ही वाढतात. साधा सॉलिड कलर सिंगल स्टेज पीयूत होतो, क्लिअर न मारता.

अन् घाई कशाला? मेमधी आपल्याकडं ४२-४३ डिग्री, रंग पत्र्यावर नीट पसरायच्या आधीच वाळतो, स्लो (उशिरा वाळणारं) थिनर घालूनसुद्धा दाणे राहतात. पावसाळ्यात हवेत ओल, एनसी तर पांढुरका पडतो. म्हणून आता ४५ हजारात बसंल तेवढं पत्र्याचं काम अन् वेल्डिंग करा, उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर मारून घ्या (साधा प्रायमर ओल पितो, तो नको) अन् गाडी शेडमधीच ठेवा, कारण एपॉक्सी उन्हात टिकत नाही. तवर आठ हजाराची आरडी चालू करा, एप्रिल ते ऑक्टोबर ५६ हजार अन् वरचं थोडं व्याज. दिवाळीनंतर प्रायमर घासून रंग. कमी पडले तर जानेवारी, गाडी कुठं पळून चालली नाही. फक्त वाड्यात स्वतः फवारा मारू नका, पीयूचा हार्डनर छातीला लै वाईट.

शेवटचं, आरसीची मुदत बघितली का? १५ वर्षानंतर दर पाच वर्षाला रिन्यू, अन् २० वर्षावरच्या कारची फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा. ते आधी बाजूला काढा. पन्नास वर्षं भरली की व्हिंटेज नोंदणी मिळते, तुमचीला २०३५ उजाडंल, पण तेव्हा गाडी मूळ रूपात लागते अन् मग रोज शाळेला नेता येत नाही.

रंग बदलला तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते, अन् वडलांची गाडी क्रीम रंगाची होती म्हणता, मग चेरी रेड कामून? वहिनींना अजून सांगितलं नसंल तर सांगूच नका.